तांदळाच्या बरणीतला कान

"ज्याला स्वतःच्या रानाचं ऐकू येत नाही, त्यानं बंदूक खुंटीला टांगावी," ऑर्व्हिल ट्वेटेन म्हणाला आणि त्यानं कॉफीचा कप असा खाली ठेवला, की जणू त्या वाक्याखाली शिक्काच मारला.

वाक्य चांगलं होतं. ते म्हणताना त्यानं खिडकीबाहेर, शेताच्या टोकाला उभ्या असलेल्या ओकच्या रानाकडे बघितलं होतं. आवाजही जरा खाली आणला होता. फक्त त्याच्या पाठीमागे शेगडीवर किटली बऱ्याच वेळापासून शिट्टी घालत होती. ती स्वयंपाकघरातल्या बाकी तिघांना ऐकू येत होती, टेबलाखालच्या कुत्रीलाही ऐकू येत होती, आणि ती बिचारी पंजात तोंड खुपसून पडली होती. शेवटी ऑर्व्हिलची बायको मार्लिस उठली, तिनं शेगडी बंद केली आणि पुन्हा येऊन बसली.

"मग टांग," तिचा भाऊ लाव्हर्न म्हणाला.

लाव्हर्न ह्युसबीनं उभा जन्म गुराढोरांच्या लिलावात बोली पुकारण्यात काढला होता. त्यामुळे तो मीठ मागायचा तेव्हाही पलीकडच्या शेतातली गुरं माना वर करायची. त्याचं बोलणं ऑर्व्हिलला स्पष्ट ऐकू येई. तसं ऑर्व्हिलला पुष्कळ काही ऐकू येई: ट्रॅक्टर, बंदुकीचा बार, मेघगर्जना, लाव्हर्न. गेले होते ते वरच्या पट्टीतले बारीक स्वर. नेमके तेच, ज्यांत वाळका पाचोळा बोलतो आणि बायको बोलते.

त्याला हे मान्य नव्हतं. मार्लिसनं त्याला गावातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं, तेव्हा तो खोक्यात बसून कानाला डबडी लावून आला आणि बाहेर पडल्यावर म्हणाला की बाई पुटपुटत होत्या, त्यांनीच कोणाला तरी दाखवावं. कानातलं यंत्र ही चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांची चीज. ऑर्व्हिल दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला माणूस होता. तो मागच्या बाकावर बसायचा.

आणि मग त्या उन्हाळ्यात शिकारीच्या सामानाच्या दुकानातून त्यानं स्वतःच एक वस्तू आणली. कानामागे बसवायचं, झाडाच्या सालीच्या रंगाचं, काजूएवढं यंत्र. त्यातून एक बारीक नळी निघे आणि नळीच्या टोकाला मधे भोक असलेलं, नखाएवढं पांढुरकं रबरी टोपण असे, ते कानात जाई. खोक्यावर हरणाचं चित्र होतं. म्हणजे हे शिकारीचं हत्यार झालं. "बंदुकीवर दुर्बीण लावली म्हणून माणूस आंधळा ठरतो का?" त्यानं मार्लिसला विचारलं. मार्लिस म्हणाली, नाही ठरत. तो खूष झाला. त्याला तिचं म्हणणं कित्येक वर्षांत पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं.

अडचण एवढीच, की हत्यार हे शिकारीच्या वेळी लावायचं. घरात लावलं तर त्याचं पुन्हा कानातलं यंत्र व्हायचं. यावर ऑर्व्हिलनं विचारपूर्वक तोडगा काढला. शिकारीला जाताना आमच्याकडे कायद्यानं भडक नारिंगी जाकीट घालावं लागतं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही हरीण वाटत नाही. तर ते जाकीट अंगात असलं की तो सरावाला बसलेला शिकारी, आणि यंत्र कानामागे चालेल. मग ऑगस्टच्या उकाड्यात ऑर्व्हिल नाश्त्याला नारिंगी जाकीट घालून बसू लागला. हवामानाच्या बातम्या जाकिटात ऐकू लागला. मार्लिसला काही महत्त्वाचं सांगायचं असलं, की ती खुंटीवरचं जाकीट आणून त्याच्या खुर्चीच्या पाठीवर टाकायची आणि तो घालेपर्यंत थांबायची. बटणं लावून झाली, की मग तिची बहीण आजारी आहे किंवा पंपाला गळती लागली आहे हे सांगायची. मुलीनं फोनवर विचारलं, बाबा कसे आहेत, तर मार्लिस म्हणाली, हल्ली दिवसातले बरेच तास रानात असतात, पण घरीच असतात.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या सकाळी ऑर्व्हिलनं यंत्राची निगा राखली.

विस्कॉन्सिनच्या आमच्या या उत्तर टोकाला माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण आदल्या दिवशी हत्यार साफ करायचं विसरणार नाही. ऑर्व्हिलनं वर्तमानपत्र पसरलं, बंदूक उकलली, नळीतून कापड ओढलं, घोड्याला तेल दिलं. आणि मग शेजारीच यंत्र होतं, तेही हत्यारच होतं, म्हणून त्यालाही तेल दिलं. जिथं आवाज आत शिरतो त्या जाळीवर एक थेंब. थेंब बंदुकीच्या तेलाचा होता, उत्तम प्रतीचा. त्यानंतर यंत्र लावल्यावर त्याला स्वतःचा श्वास असा ऐकू आला, जशी एखादी म्हैस नदीतून पोहत पलीकडे चाललीय.

लाव्हर्न सकाळीच येऊन बसला होता. तो म्हणाला, त्याचा फोन तळ्यात पडला होता तेव्हा त्यानं तो तांदळात पुरून ठेवला आणि तो ठणठणीत झाला. तांदूळ काहीही शोषून घेतो. कोणाचं काय भिजलंय हे त्यानं विचारलं नाही. ऑर्व्हिलनंही सांगितलं नाही. मार्लिस कोंबड्यांकडे गेलेली बघून त्यानं यंत्र, नळी आणि टोपण सुटं केलं आणि फडताळातल्या तांदळाच्या बरणीत खोल खुपसून टाकलं.

किटलीची शिट्टी त्याला ऐकू आली नाही, ती यामुळे. त्याचा कान बरणीत होता.

"मग टांग," लाव्हर्न म्हणाला ते मात्र गमतीनं नव्हे. त्याला मागच्या वर्षीचं बोलायचं होतं.

रानाच्या कण्यावर, दोन ओढ्यांच्या मधोमध, ऑर्व्हिलच्या वडिलांनी ओकच्या खोडांना बांधलेलं एक मचाण आहे. घरात त्याला थोरलं मचाण म्हणतात. हरणं तिथूनच ओढा ओलांडतात. वडिलांचे गुडघे गेले तेव्हापासून हंगामाच्या पहिल्या पहाटे त्यावर ऑर्व्हिलच बसत आला आहे. मागच्या वर्षीही बसला होता. दलदलीच्या पलीकडून लाव्हर्ननं दुर्बिणीतून बघितलं, की एक नर आला. शिंगं अशी, की त्यांवर धुणं वाळत घालावं. तो सावकाश पाचोळा तुडवत थेट थोरल्या मचाणाखाली आला, उभा राहिला, आणि मचाणाच्या खांबावर त्यानं मान घासली. मचाण हललं. वर ऑर्व्हिलनं कॉलर उभी केली. त्याला वाटलं, वारा सुटला.

"मी काय म्हणतो," लाव्हर्न म्हणाला, "या वर्षी केंटला बसू दे वर."

केंट म्हणजे जावई. तो सकाळीच इलिनॉयहून आला होता, आणि इलिनॉयच्या माणसानं विस्कॉन्सिनच्या मचाणावर बसणं आमच्याकडे अजून लोकांच्या पचनी पडलेलं नाही. पण मुलगा सालस होता. शाळेत बँड शिकवायचा. शिंकेचा सूरही त्याला ओळखता यायचा. एकदा ऑर्व्हिलच्या टोपीखाली यंत्र दाबलं जाऊन बारीक चिंऽऽ असा आवाज निघू लागला आणि कुत्री घर सोडून गेली, तेव्हा ऑर्व्हिलला तो ऐकूच येत नव्हता, केंटनंच अदबीनं सांगितलं होतं, "ऑर्व्हिल, तुमच्या टोपीत कोणीतरी वाजवतंय, आणि जरा उतरलंय."

"मला कुठलंही मचाण चालेल," केंट आता म्हणाला. "मला खरंच चालेल."

"चालेल बिलेल नाही. बदाम ठरवेल," ऑर्व्हिल म्हणाला. "आजवर बदामानं ठरवलंय."

हे खरं होतं. ट्वेटेनांचे पूर्वज नॉर्वेहून आले, ते येताना तांदळाच्या खिरीची चाल घेऊन आले. तिकडे ती नाताळात करतात. इथं या घरात ती हंगामाच्या आदल्या संध्याकाळी होते. दुधात तांदूळ मंद शिजवायचा, वर लोणी, साखर, दालचिनी, आणि पातेल्यात एकच सोललेला बदाम. ज्याच्या वाडग्यात बदाम येईल त्यानं तो गालात दाबून गप्प बसायचं. सगळ्यांचे वाडगे चाटूनपुसून झाले, की मग बाहेर काढून दाखवायचा. आणि त्यानं सगळ्यांत आधी मचाण निवडायचं. लग्न झाल्यापासून खीर मार्लिस वाढत आली होती, आणि तेव्हापासून बदाम दर वर्षी ऑर्व्हिलच्याच वाडग्यात आला होता. याबद्दल कोणी कधी काही बोललं नव्हतं.

लाव्हर्न आज बोलला. बदाम तो स्वतःच्या हातानं पातेल्यात टाकणार, सगळ्यांसमोर, आणि नंतर तिथंच खुर्ची टाकून बसणार. एवढं मान्य असेल तर त्याची हरकत नाही. नाहीतर सरळ हात वर करून मतं घेऊ. तिघं शिकारी, त्यातले दोघं कुठं मत देतील हे सांगायला नको.

ऑर्व्हिलनं मान्य केलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पण मनात त्याला धीर होता. लाव्हर्न काहीही म्हणो, उद्या यंत्र कोरडं ठणठणीत झालं की पाचोळ्याचा शब्दन् शब्द तो ऐकणार होता, आणि तो ऐकायचा तर थोरल्या मचाणावरूनच. एकदा नर पाडून आणला, की कानाचा विषय या घरात पुन्हा निघणार नव्हता.

दुपारी मार्लिस बाहेर गेलेली बघून त्यानं बरणीत हात घातला. यंत्र सापडलं, नळी सापडली, ती त्यानं रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. टोपण सापडेना. पांढुरकं टोपण पांढऱ्या तांदळात बोटांनी शोधत असतानाच दार वाजल्याचं त्याला जमिनीच्या हादऱ्यावरून कळलं. त्यानं बरणी फडताळात सारली आणि लाकडं आणायला निघून गेला. खोक्यात लहान आणि मोठं अशी आणखी टोपणं आली होती, पण ती त्यानं पहिल्याच दिवशी फेकून दिली होती. आपल्या कानाचं माप मधलं आहे हे कळल्यावर बाकीची जपून ठेवणं त्याला मनाच्या दुबळेपणाचं लक्षण वाटलं होतं.

लाकडं घेऊन तो आला, तर बरणी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली. शेगडीवर मोठं पातेलं, आणि पातेल्यात दूध आणि तांदूळ.

"सगळा तांदूळ घातलास?" त्यानं विचारलं.

"चौघं आहोत," मार्लिस जोरानं म्हणाली. त्याच्याशी ती जोरानंच बोलायची, जाकीट नसलं की. "का?"

"नाही, सहज."

ती त्याच्याकडे बघत राहिली. एक हात तिनं एप्रनच्या खिशात घातला होता. तिला काहीतरी अपेक्षित असावं असं तिचा चेहरा म्हणत होता. पण ऑर्व्हिलचं लक्ष पातेल्याकडे होतं.

त्याची परिस्थिती कठीण होती. खरं सांगावं, तर जे आपल्या कानात उन्हाळ्यापासून होतं ते आता खिरीत उकळतंय, हे सांगावं लागलं असतं. मग पातेलं कोंबड्यांपुढे गेलं असतं. खीर नाही तर बदाम नाही, बदाम नाही तर मतं, आणि मतं म्हणजे मचाण गेलं. शिवाय टोपण नसेल तर यंत्र कानात बसत नाही. म्हणजे उद्या कानही गेला. आणि सगळ्याच्या वर, बरणीत यंत्र का होतं हे सांगताना आपल्याला त्याची किती गरज आहे हेही सांगितल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा पातेलं बरं.

लाव्हर्न आला. त्यानं सोललेला बदाम चिमटीत धरून, लिलावात वासरू दाखवतात तसा तिघांनाही फिरवून दाखवला आणि पातेल्यात सोडला. मग तो खुर्ची आणायला वळला.

"मी ढवळतो," ऑर्व्हिल म्हणाला.

सगळे थांबले. त्या घरात ऑर्व्हिलनं आजवर स्वतःची कॉफी सोडून काही ढवळल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"बरं वाटत नाहीय का रे तुला?" लाव्हर्ननं विचारलं.

"खाली लागेल ती. ढवळायला पाहिजे," ऑर्व्हिल म्हणाला आणि त्यानं मार्लिसच्या हातातला लाकडी डाव घेतला. मार्लिस सिंककडे गेली आणि खिडकीकडे तोंड करून बटाटे सोलू लागली.

तो ढवळत राहिला. आधी कडेनं, मग तळातून, मग नांगरल्यासारखं उभं-आडवं. वाफेनं चष्मा धुरकटला. लाव्हर्न पेंगू लागला. आणि मग डावाच्या टोकाशी काहीतरी पांढुरकं, नखाएवढं, तरंगून वर आलं. ऑर्व्हिलनं पाठ वळवली, दोन बोटांनी ते उचललं, बोटं भाजली तरी तोंडातून शब्द काढला नाही, आणि ते पँटच्या खिशात टाकलं. मग पुन्हा थोडं ढवळलं, दिखाव्यापुरतं, आणि हात धुऊन येतो म्हणून गेला.

न्हाणीघरात दार लावून त्यानं खिशातून ते काढलं, नळाखाली धरलं आणि नळीला बसवायला गेला. बसेना. त्यानं चष्मा पुसला. हातात बदाम होता.

तो तिथंच टबाच्या काठावर टेकला. थोरलं मचाण त्याच्या तळहातावर होतं. जेवणाच्या शेवटी तोंडातून काढून दाखवायचं, की झालं. आणि टोपण मात्र अजून पातेल्यात होतं. त्यानं बदाम परत टाकायचं ठरवलं, हे इथं त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. तो स्वयंपाकघरात आलाही. पण लाव्हर्न आता टक्क जागा होऊन पातेल्याला खेटून बसला होता, लिलावातल्या बैलाजवळ मालक बसतो तसा. बदाम खिशातच राहिला.

आमच्याकडे पाचला जेवतात. मार्लिसनं खीर वाढली: आधी भावाला, मग जावयाला, मग नवऱ्याला, शेवटी स्वतःला. ऑर्व्हिल जावयाच्या वाडग्याकडे बघत होता, लाव्हर्नच्या वाडग्याकडे बघत होता, आणि स्वतःचा घास दातांच्या मधे थांबवून जिभेनं तपासत होता. टोपण आपल्याच वाडग्यात येवो, अशी त्याची प्रार्थना होती. इतक्या वर्षांत बदामासाठी त्यानं इतकी कळकळीची प्रार्थना केली नव्हती. तेव्हा गरजच पडली नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या घासाला केंट थांबला. त्याचा जबडा जागच्या जागी राहिला. डावा गाल किंचित फुगला. मग त्यानं, नियम पाळणाऱ्या सज्जन माणसासारखं, छताकडे बघत पुन्हा खायला सुरुवात केली, पण फक्त उजव्या बाजूनं.

ऑर्व्हिलनं चमचा खाली ठेवला.

केंटला यापूर्वी कधी बदाम आला नव्हता. शिजलेला बदाम तोंडात कसा लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. रबरासारखाही लागत असेल. तो आणखी एक वाडगा घेणार म्हणाला. गालात ते तसंच ठेवून त्यानं दुसरा वाडगा संपवला. मधूनच जीभ त्यावरून फिरवत होता, हे गालावरून दिसत होतं. ऑर्व्हिलला उन्हाळा आठवला, ऑगस्ट आठवला, जाकिटातला घाम आठवला. निगा राखायच्या बारीक ब्रशनं कानातला मळ काढायचा असतो, असं खोक्यावर लिहिलं होतं. तो ब्रश त्यानं बंदुकीच्या घोड्यासाठी वापरला होता.

आता आपण बदाम दाखवला, तर केंटही त्याचा दाखवणार. दोन बदाम झाले, की लाव्हर्न चष्मा लावणार. लाव्हर्ननं चष्मा लावला, की रविवारी चर्चच्या कॉफीला अख्ख्या काउंटीला कळणार, की ट्वेटेनांच्या जावयानं जेवणभर सासऱ्याचा कान चघळला. मुलीला तर त्याआधीच कळणार. पोरगा पुन्हा कधी या घरात पाणीसुद्धा पिणार नाही.

ऑर्व्हिलनं खिशात हात घातला. खोकल्यासारखं करून बदाम तोंडात टाकला आणि दुधाच्या घोटाबरोबर अख्खाच्या अख्खा गिळला. मग तो उभा राहिला.

"मला थोडं बोलायचंय," तो म्हणाला.

लाव्हर्नचा चमचा हवेत राहिला.

"ते मचाण माझ्या वडिलांनी बांधलं," ऑर्व्हिल म्हणाला. "त्याच्या फळ्या त्यांनी खांद्यावरून नेल्या. तिथं बसून मी बर्फ पडायच्या आधीची रानातली शांतता ऐकलीय. माणसानं कधीतरी उठून दुसऱ्याला जागा करून द्यावी लागते. सकाळी मी एक वाक्य बोललो होतो. ते मी मागे घेत नाही." इथं त्याचा गळा खरोखरच दाटला, बदाम अजून पूर्ण खाली गेला नव्हता. "कोणाच्या गालात काय आहे हे आज कोणी विचारू नका, कोणी दाखवू नका. थोरलं मचाण केंटचं."

कुत्री टेबलाखालून बाहेर येऊन बसली. लाव्हर्ननं डोक्यावरची टोपी काढली. घरात, जेवताना, त्यानं ती याआधी फक्त प्रार्थनेला काढली होती. मग लिलावाच्या सवयीनं, हलक्या आवाजात, म्हणजे रस्त्यापर्यंतच ऐकू जाईल अशा, तो म्हणाला, "सोडलं एकदा. सोडलं दोनदा." आणि चमचा टेबलावर आपटला. "गेलं."

केंटचे डोळे भरून आले होते. "ऑर्व्हिल," तो म्हणाला, "तुम्ही असं म्हणालात, म्हणून मला लपवून ठेवणं बरं वाटत नाही." आणि ऑर्व्हिल दोन्ही हात पुढे करून नको नको म्हणेपर्यंत त्यानं गालातली वस्तू तळहातावर काढून टेबलाच्या मधोमध धरली.

बदाम होता. सोललेला, पांढरा, एका बाजूला टोकदार.

ऑर्व्हिलनं तो उचलला आणि दिव्यासमोर धरला. उलटा करून बघितला.

"ह्याला भोक नाही," तो म्हणाला.

"बदामाला भोक कशाला असेल?" लाव्हर्ननं विचारलं.

ऑर्व्हिल सावकाश खाली बसला. त्यानं केंटच्या रिकाम्या वाडग्याकडे बघितलं, स्वतःच्या अर्ध्या वाडग्याकडे बघितलं, आणि मग त्याची नजर लाव्हर्नच्या पोटावर जाऊन थांबली. लाव्हर्न तीन वाडगे जेवला होता, आणि तो चावत नसे.

"काय बघतोस?" लाव्हर्न म्हणाला.

"ऑर्व्हिल," मार्लिस जोरानं म्हणाली. "तांदूळ मी धुऊन घेते. लग्न झाल्यापासून धुऊन घेते. तू कधी इकडं फिरकला नाहीस, म्हणून तुला माहीत नाही." तिनं एप्रनच्या खिशातून काहीतरी नखाएवढं काढून आपल्या बशीत ठेवलं आणि त्यावर बोट ठेवलं. "विचारलं असतंस तर दुपारीच दिलं असतं. मी उभी होते तिथं."

ऑर्व्हिल बशीकडे बघत राहिला.

"आणि मग हा बदाम?" केंटनं विचारलं.

"तो मी टाकला, तुझ्या वाडग्यात. लाव्हर्ननं टाकलेला पहिला कुठं गेला ते मला सिंकवरच्या खिडकीत दिसलं होतं. बाहेर अंधारून आलं, की काचेत सगळं स्वयंपाकघर दिसतं."

लाव्हर्नला हे जुळवायला थोडा वेळ लागला. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "थांब," तो म्हणाला. "म्हणजे यानं आधी बदाम चोरला, आणि मग मचाण दान केलं? यातलं कुठलं धरायचं आपण?"

"गेलं म्हणालास ना तू," मार्लिस म्हणाली. "मग गेलं."

"मी परत देतो की," केंट म्हणाला. "मला खरंच कुठलंही चालेल."

"लिलाव परत होत नसतो," लाव्हर्न म्हणाला. या एका बाबतीत तो कोणाचं ऐकत नसे.

मग मार्लिस बोलली. पण या वेळी ती जोरानं बोलली नाही. ती भावाशी बोलत नव्हती, जावयाशीही नाही. वाडगे एकात एक ठेवता ठेवता, खाली बघत, स्वतःच्या नेहमीच्या बारीक आवाजात ती म्हणाली, "ऑर्व्हिल, तुझ्या वडिलांनी मचाणावरचं बाक दोघांपुरतं केलंय. ते तुला शेजारी घेऊन बसायचे. केंटला पाचोळा ऐकू येतो, पण कुठं बघायचं ते कळत नाही. तुला कळतं. जा दोघं. आणि नंतर माझ्याबरोबर त्या डॉक्टरीणबाईंकडे चल."

लाव्हर्ननं मान डोलावली. केंटनं आनंदानं सासऱ्याकडे बघितलं. मार्लिसनंही वर बघितलं. तिघंही ऑर्व्हिलच्या उत्तराची वाट बघत होते.

ऑर्व्हिलनं तिचे ओठ हललेले बघितले होते. ती बरंच काही बोलली आणि ते आपल्यासाठी होतं, एवढं त्याला कळलं होतं. तो उठला आणि दाराजवळच्या खुंटीपाशी गेला. नारिंगी जाकिटाकडे त्याचा हात गेला, बाहीवर क्षणभर थांबला आणि परत आला. तो तसाच, घरच्या स्वेटरमध्ये, मार्लिससमोर येऊन बसला. शर्टाच्या खिशातून त्यानं रुमाल काढला, रुमालातून यंत्र काढलं, नळी सरळ केली आणि तळहात तिच्या बशीजवळ धरला.

"मार्लिस," तो म्हणाला, "तेवढं टोपण दे. आणि आत्ता काय म्हणालीस, ते एकदा परत सांग."